काकांनी कर्नाटकचा आंबा 'आपलो' म्हणून उचलला, आणि मग घरात जे झालं ते

पडवीतला

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज बाहेर धो धो पाऊस, लाईट येऊन जाऊन, ऑफिसचा कॉल पण कॅन्सल, तर लिहूनच टाकतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं गाव देवगड तालुक्यात, सड्यावर. आजोबांनी लावलेली कलमं, नंतर भाऊ काकांनी वाढवली. वडील मुंबईला गेले, काका राहिले, चाळीस वर्षं तेच बघतायत. नुसता हुंगून आंबा कुठल्या कलमाचा ते सांगतात अशी त्यांची ख्याती आहे, आम्ही पोरं लहानपणापासून तेच ऐकत आलोय.

मे महिन्यात सगळे जमलो होतो. चुलतभाऊ बाबू नवी मुंबईत असतो, तो येताना वाशी मार्केटातून कर्नाटक हापूसची छोटी पेटी घेऊन आला, मुद्दाम. पडवीत सहा बश्या मांडल्या, तीन आमचे आंबे, तीन तिकडचे, एका बशीत एकाच आंब्याच्या फोडी, खाली चिठ्ठी चिकटवलेली. साल काढलेली, त्यामुळे रंगावरून कळायचा प्रश्न नाही. काकांना सांगितलं यातल्या तीन आपल्या, ओळखा. काका हसले, म्हणाले ह्याच्यात काय आसा. पहिली बशी, दुसरी, तिसरीपाशी थांबले, डोळे मिटून फोड खाल्ली आणि म्हणाले, "ह्यो आपलो. विहिरीकडच्या कलमाचो. डोळे बांधून सांगान."

बाबूने हा सूर्य हा जयद्रथ करत बशी उलटी केली. कर्नाटक. काकांनी निवडलेल्या तीनपैकी एकच आमचा निघाला.

मला अजून तो अर्धा मिनिट आठवतो. कोणी हसलं नाही. काकीने पदराला हात पुसले आणि आत गेली. काका बशीकडे बघत होते, मग सुरू झाले.

आधी "फोडी कोणी बदलल्यान?" बाबू म्हणाला कोणी नाही, चिठ्ठ्या तुमच्या सुनेने लावल्यात. मग "बर्फात ठेवलेल्या आंब्याची काय चव कळतली?" (फ्रिजमध्ये ठेवलेच नव्हते.) मग "कर्नाटकात कलमां गेली ती हयसूनच मा? म्हणजे आंबो आमचोच झालो." आणि सगळ्यात शेवटी, "चवीन आंबो कोण वळाखता? वासान वळाखतत." म्हणजे पाच मिनिटापूर्वी ज्या चवीवर पैज होती तीच बाद. मग "जेवाक वाढा तुमी, माका भूक नाय" म्हणून झेला (आंबे काढायची जाळीची काठी) खांद्यावर टाकून बागेत. भर दुपारी, मेमध्ये. बाबूशी दोन दिवस बोलले नाहीत.

मला कळत नाहीये ते हे, की ह्याच माणसाने फुलकिड्यांनी अख्खा मोहोर गेला तेव्हा शांतपणे "होता असा" म्हटलं होतं. दलालाने पैसे बुडवले, तेव्हा पण जेवले. साका (आतला गर खराब होतो तो) निघाला म्हणून पेट्या परत आल्या तेव्हा तर विनोद केले. मग सहा फोडींनी एवढं काय झालं? नुकसान शून्य रुपये. इथे कोणाला मानसशास्त्रातलं कळत असेल तर सांगा, की हे नक्की काय असतं.

तिरफळ

कोल्ह्याला द्राक्षं आंबट ऐकलं होतं, कोल्ह्याला आंबा कर्नाटकी पहिल्यांदाच ऐकला 😂

बाबूला बक्षीस द्या आणि कायमचं नवी मुंबईत ठेवा.

घाटावरचा

वाचायला मजा आली पण खरं सांगू का, राग मानू नका, आंबाच तो. एवढं मनाला लावून घ्यायचं काय आहे त्यात? आणि मुळात हापूस हे नावच पोर्तुगीज, अफोन्सो वरून आलेलं, कलम बांधायची कला पण त्यांच्याकडूनच आली म्हणतात. मग 'आपलो' काय आणि 'त्यांचो' काय.

रत्नांग्री एक्सप्रेस

घाटावरचा, नाव पोर्तुगीज असेल, माती पोर्तुगीज नाहीये. २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालाय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, पाचच जिल्हे. बाहेरच्याला हापूस म्हणून विकताच येत नाही. आणि पडवीतला, वाईट वाटून घेऊ नका पण देवगडवाल्यांचं असंच होतं, रत्नागिरीचा माणूस असता तर चुकला नसता.

तिरफळ

आले. मी म्हटलंच होतं रत्नागिरी कधी येते 🍿

सुरंगी

पडवीतला, तुमचा प्रश्न खूप नेमका आहे. मी वेंगुर्ल्याची, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तर जेवढं मला माहीत आहे तेवढं सांगते.

ग्लिनिस ब्रेकवेल म्हणून ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८६ मध्ये 'धोक्यात आलेली ओळख' ह्या विषयावर एक मांडणी केली. त्यांचं म्हणणं साधारण असं की माणसाला स्वतःबद्दल चार गोष्टी टिकवायच्या असतात. मी काल होतो तोच आज आहे. मी इतरांपेक्षा वेगळा आहे. माझी काही किंमत आहे. आणि मला काहीतरी जमतं, ही चौथी त्यांनी नंतर जोडली. ह्यातलं काही हललं की माणूस अस्वस्थ होतो, आणि मग जे करतो ते त्या धोक्याला तोंड द्यायला करतो, खरं खोटं ठरवायला नाही.

आता तुमचे काका बघा. फुलकिड्यांनी मोहोर नेला तेव्हा पैसे गेले, पण काका 'काका'च राहिले, उलट फुलकिड्यांशी लढणारा बागायतदार म्हणून थोडे मोठेच झाले. दलालाने बुडवलं तर लाज दलालाची. साका तर देवगड-रत्नागिरीत सगळ्यांनाच लागतो. पण बशीतल्या फोडीने चारही गोष्टींना एकदम हात घातला. वडलांनी लावलेल्या कलमांशी नातं, 'आमचा आंबा वेगळा' हे, गावातली पत, आणि 'मला ओळखता येतं'. त्यात सून आणि पोरं समोर. तुम्ही नुकसान शून्य रुपये लिहिलंय, म्हणून सगळं नुकसान तिथेच झालं, कारण पैशात मोजता येईल असं काही नव्हतंच.

आणि त्यांनी जे क्रमाने केलं ना, आधी पुरावाच खोटा, मग परीक्षा चुकीची, मग 'तो पण आपलाच', मग मोजायची पट्टीच बदलली, मग उठून गेले, हे मी वर्गात शिकवायला घेतलं असतं तर एवढं नीट उदाहरण मला सुचलं नसतं.

शंकासूर

सुरंगीताईंचं सगळं छान आहे पण मला आधी प्रयोगाबद्दल बोलायचंय, कारण कोणीच बोललं नाही.

सहा बश्या, त्यातल्या तीन निवडायच्या. डोळे झाकून, चव न घेता, नुसती बोटं ठेवली तरी तीनपैकी एक किंवा शून्य बरोबर यायची शक्यता किती? वीसपैकी दहा. म्हणजे अर्धी. सगळ्या तीन बरोबर यायची वीसात एक. फिशर नावाचा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ, त्याचा चहाचा प्रयोग प्रसिद्ध आहे, एक बाई म्हणाल्या दूध आधी घातलं की चहा आधी हे मी चवीवरून सांगते, तर त्याने ८ कप मांडले, चार असे चार तसे, कारण तिथे सगळे नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता ७० त १ होते. तुमच्या सहा बश्यांनी काकांना ओळखता येत नाही हे सिद्ध होत नाही आणि येतं हेही होत नाही. वीसेक बश्या लावा, दोन तीन दिवस लावा, मग बोलू.

पडवीतला

शंकासूर, हे काकांना सांगू का? म्हणजे त्यांच्या बाजूने एवढा भक्कम मुद्दा उपलब्ध होता.

शंकासूर

सांगून बघा. पण मला वाटतं ऐकणार नाहीत. कारण माझा मुद्दा म्हणतो 'कदाचित ओळखत असतील, कदाचित नसतील', आणि त्यांना कदाचित नकोय. चिठ्ठी बदलली म्हटलं की शंभर टक्के परत मिळतं.

घाटावरचा

अहो पण पुन्हा विचारतो, आंबाच ना

काजूबी

घाटावरचा, तुम्ही कोल्हापूरचे ना? मग कोल्हापुरी चप्पल अथणीत बनते, तिकडच्या कारागिरांची जास्त टिकते असं मी म्हटलं तर? २०१९ चा जीआय कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना पण आहे, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चप्पलच ती.

घाटावरचा

हे काय बोलणं झालं का. चप्पल कोल्हापूरचीच, शाहू महाराजांनी चर्मोद्योगाला उभं केलं म्हणून आज जगात नाव आहे, अथणीचे लोक बनवतात कारण ऑर्डर कोल्हापुरातून जाते. दोन्हीची तुलनाच होऊ शकत नाही. आंबा झाडाला लागतो, चप्पल हाताने

घाटावरचा

ओके. आलं लक्षात. 🙏 मगाशी टाईप करताना कान गरम झाले होते, खोटं नाही बोलत.

तिरफळ

धाग्याने मेंबराला लाईव्ह पकडलं, अॅडमिन कृपया हा भाग पिन करा.

काजूबी

घाटावरचा तुम्ही मान्य केलंत, तुम्हाला सलाम. पण पडवीतला, मला तुमच्यावरच राग आलाय, सॉरी. तुम्ही देवगडचे. चुलत्याची फजिती अशी चव्हाट्यावर मांडायची? उद्या वाशीचा कुठला दलाल हे वाचेल आणि म्हणेल बघा, बागायतदारालाच ओळखता येत नाही. आधीच कर्नाटकचा माल देवगडच्या खोक्यात भरून विकतात, हंगाम नसताना मलावीचा येतो, आपण एकेका फळावर स्टिकर लावत बसलोय, आणि आपलेच लोक असे. घाटावरच्याने लिहिलं असतं तर मी हसून सोडलं असतं.

सुरंगी

काजूबी, रागावू नका, पण तुमचं शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. ह्याला काळ्या मेंढीचा परिणाम म्हणतात, मार्केस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. आपल्यातला माणूस चुकला, फुटला, तर त्याला आपण परक्यापेक्षा जास्त कठोरपणे तोलतो. कारण परक्याने आपल्याला नावं ठेवली तर आपण तसेच राहतो, आपल्यातल्याने ठेवली तर 'आपण' म्हणजे काय ह्यालाच भोक पडतं. गावात पण बघा ना, पर्यटक देवळाबाहेर चप्पल घालून फिरला तर 'त्यांना काय कळतं', आणि मुंबईत वाढलेला आपला पोरगा फिरला तर त्याच्या सात पिढ्या निघतात.

पडवीतला

काजूबी, तुमचं मला लागलं, आणि बरोबर आहे थोडं. गाव, नाव काही दिलं नाहीये तरी. मी हसत होतो का त्या दिवशी? बाहेरून नाही. आतून थोडा हसलो होतो, आम्हाला लहानपणी त्यांनी इतकं ऐकवलंय ना, मुंबैकरांका काय कळता म्हणून. हे लिहायला नको होतं कदाचित पण लिहिलं.

खाडीपलीकडचा

मी क्वचित लिहितो इथे. मालवणच्या बाजूचा. आमची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, म्हणजे आमच्या एकट्याची नाही, रापण वाडीची असते, चाळीसेक माणसं दोर ओढतात आणि वाटणी होते. बाबा तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके. पुढे पर्ससीनवाले (मोठी यांत्रिक जाळी टाकणारे) आले, मग रात्रीचे एलईडी लाईट लावून मारणारे आले, किनाऱ्याला मासळी लागायची कमी झाली, रापणीला माणसं मिळेनात. आता सहा सात वर्षं आमची होडी पर्यटकांना घेऊन जाते, डॉल्फिन दाखवायला. पैसे आधीपेक्षा बरे येतात, हे मुद्दाम सांगतो.

गेल्या वर्षी बँकेचा फॉर्म आला, केवायसीचा. व्यवसाय म्हणून रकाना होता. मी बाबांचा फॉर्म भरत होतो, 'पर्यटन' लिहिलं. बाबा चष्मा लावून बघत होते, म्हणाले ह्या काय लिवलंस. म्हटलं बाबा आपण तेच करतो ना. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, 'पर्यटन' वर आडवी रेघ मारली, दोनदा, आणि वर 'मासेमारी' लिहिलं, ऱ्हस्व दीर्घ चुकलेलं. बँकेतल्या बाईने खाडाखोड चालत नाही म्हणून फॉर्म परत केला. नवीन फॉर्मवर त्यांनी परत मासेमारीच लिहिलं, ह्या वेळी स्वतः, एकेक अक्षर. मी काही बोललो नाही.

रोज सकाळी ते अजून पहाटे चारला उठतात. होडी नऊला निघते.

सुरंगी

खाडीपलीकडचा, ह्यावर सिद्धांत सांगायला मन होत नाहीये. थांबते.

दापोलीकरीण

खाडीपलीकडचे, वाचून गप्प बसले बराच वेळ.

माझं थोडं उलट आहे. आम्ही कोकणी मुसलमान, दापोलीजवळचे, घरात जी बोली बोलतो ती मराठीच्याच कुळातली, माझ्या आजीला उर्दू येत नव्हतं. पुण्यात नोकरीला लागले तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी कौतुकाने म्हणतं, "अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!" कौतुकच असतं, वाईट हेतू नसतो. पण दर वेळी पोटात काहीतरी आवळतं. आंब्याच्या धाग्यावर हे आणतेय कारण आवळणं तेच आहे असं मला वाटलं. कोणीतरी बशी उलटी करून दाखवतं की तू ज्याला आपलं म्हणतेस त्यात तू पाहुणी आहेस.

आणि गंमत अशी की एकाच घरात त्याला तीन उत्तरं निघाली. माझ्या वहिनीने मुलांशी ती बोली बोलायची बंदच केली, म्हणाली नकोच ती भानगड, उर्दू आणि इंग्रजी पुरे. आजी शेवटपर्यंत जास्तच ठसक्यात बोलायची, बाजारात मुद्दाम मोठ्याने. आणि मी? मी ऑफिसात इतकं शुद्ध बोलायला लागले की सदाशिव पेठेतल्या कलीगचं व्याकरण सुधारते. हसू नका. परवा एकाला 'मी तुला सांगितलं होतं ना' मधला अनुस्वार सांगितला आणि मग वाटलं हे मी कोणासाठी करतेय.

तिरफळ

हसत नाहीये. मालवणी आहे मी, पुण्यात हॉस्टेलला पहिलं वर्ष 'न' आणि 'ण' सांभाळत काढलंय. पहिल्या दिवशी 'पानी' म्हटलं होतं. नंतर सहा महिने वॉटर म्हणत होतो.

सुरंगी

आता मात्र बोलते, कारण दापोलीकरीणने जवळजवळ हेन्री तायफेलच मांडला. तायफेल आणि टर्नर, १९७९. आपल्या गटाची किंमत कमी धरली जातेय असं वाटलं की लोक साधारण तीन रस्ते धरतात म्हणतात ते. जमलं तर गट सोडून दुसरीकडे जायचं, हे वहिनीचं. नाहीतर समोरासमोर भिडायचं, ही आजी. आणि तिसरा म्हणजे पट्टी बदलायची, तुम्ही त्याने मोजता ना, आम्ही ह्याने मोजतो, हे भाऊ काकांचं वास आणि चव. तुमचं स्वतःचं जे आहे, त्यांच्याच पट्टीवर त्यांच्याहून वरचढ व्हायचं, ते ह्या तिन्हीत नीट बसत नाही, आणि मला तेच जास्त दमवणारं वाटतं.

तायफेल स्वतः कोण होता तेही सांगते. पोलंडचा ज्यू, फ्रान्समध्ये शिकत होता, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात गेला आणि जर्मनांच्या हाती लागला. ज्यू आहे हे लपवलं नाही पण पोलिश आहे हे लपवलं, फ्रेंच म्हणून कैदेत राहिला म्हणून वाचला. परत आला तेव्हा घरचे जवळजवळ कोणी उरले नव्हते. नंतर त्याने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला, १९७० च्या आसपास, मुलांना म्हटलं तुम्हाला क्लेची चित्रं आवडली आणि तुम्हाला कँडिन्स्कीची, गट प्रत्यक्षात वाटेल तसे पाडले होते. एकमेकांना न बघता, स्वतःला काही मिळणार नसताना, मुलं आपल्या गटाला जास्त पैसे द्यायला लागली. इतकंच नाही, आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, असा कल दिसला.

रत्नांग्री एक्सप्रेस

म्हणजे देवगड रत्नागिरी. समजलं. टोमणा पोचला.

शंकासूर

माझं नाव शंकासूर आहे (शिमग्यातला, काळे कपडे, शंकूची टोपी, लोकांच्या मागे लागायचं काम) म्हणून दोन गोष्टी. एक, ह्या क्षेत्रातलं सगळंच टिकलेलं नाही. १९९५ चा स्टील आणि अॅरन्सनचा प्रसिद्ध प्रयोग, की परीक्षेआधी माणसाला त्याच्या गटाबद्दलच्या वाईट समजुतीची जाणीव झाली की मार्क पडतात, तो नंतर मोठ्या संख्येने करून बघितला तेव्हा परिणाम बराच फिका पडला, कुठे दिसलाच नाही. तसंच २०१० मध्ये आलेलं, की पुरावा दाखवला की माणूस उलट जास्त हट्टी होतो, ते पण पुढच्या मोठ्या अभ्यासांत फारसं सापडलं नाही. म्हणजे 'पुरावा दाखवूच नका, उलटतो' असं सरसकट म्हणू नये.

दोन, तरी एक अभ्यास मला पटतो, २०१६ चा, कॅप्लन वगैरे, अमेरिकेतला. फक्त ४० माणसं, सगळी एकाच राजकीय मताची, एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांच्या मतांविरुद्ध मुद्दे दाखवले. विजेचा दिवा एडिसनने शोधला ह्या टाईपच्या गोष्टींवर लोक बऱ्यापैकी नरमले. राजकीय मतांवर जवळजवळ नाहीत. एडिसन कोणाचा काका नव्हता.

पडवीतला

😄 शेवटचं वाक्य.

पण मग करायचं काय? गणपतीला सगळे परत येणार, बाबू पण येणार.

सुरंगी

एक सुचवते, जादू नाही हां, शंकासूर बसलेतच काठी घेऊन. ह्याच क्लॉड स्टीलने १९८८ मध्ये म्हटलं होतं की माणूस त्या एका जखमेवर अडून बसतो कारण त्याला स्वतःबद्दलचं एकूण चित्र वाचवायचं असतं. दुसऱ्या कुठल्या, त्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या बाजूने ते चित्र शाबूत आहे हे जाणवलं की पहिल्या जागेवरची पकड सैल होऊ शकते. म्हणजे आंब्याच्या चवीचा विषयच काढू नका, माफी पण नको, ती पण चिठ्ठीच. त्यांना खरंच जे येतं ते तुम्हाला येत नसेल तर शिकायला बसा. पण येत नसेल तरच, नाटक केलंत तर त्यांना आधी कळेल.

शंकासूर

परिणाम लहान मोठा होतो अभ्यासागणिक. पण करायला फुकट आहे.

काजूबी

आणि बश्या न्यायच्या नाहीत.

पडवीतला

दोन महिन्यांनी येतोय, अपडेट द्यायचा राहिला होता.

श्रावणात चार दिवस गेलो होतो, गणपतीच्या आधीच, एकटा. काकांना म्हटलं मला कोय कलम बांधायला शिकवा. हे खरंच येत नाही मला, चाळीस वर्षं बागेतल्या घरातला असून. म्हणाले, "आता? लॅपटॉप मेलो काय तुझो?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पडवीत पिशव्या मांडल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोय रुजून वर आली की कोवळी पानं तांबूस असतात, तेव्हाच बांधायचं, ती हिरवी झाली की उशीर झाला. वरचा शेंडा छाटायचा, देठाला मधोमध उभी चीर द्यायची, आणि कलमाच्या झाडावरची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरीत बसवायची, साल सालीला लागली पाहिजे, मग प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. ऐकायला सोपं आहे. माझी पहिली पाचर बघून म्हणाले, "कोयत्यान कापलंस काय रे?" दुसरी तुटली. तिसरीला माझा अंगठा कापला. काकांचा हात असा चालतो की चाकू दिसतच नाही, दोन बाजूंनी एकेक ओढ, की झाली पाचर, गुळगुळीत. आणि बोलत होते अखंड, आजोबांनी कुठली काडी कुठून आणली, दापोलीच्या विद्यापीठातली माणसं शिकवायला आली होती तेव्हा यांनीच त्यांना कसं एक दाखवलं (हे किती खरं, देव जाणे), कुठल्या साली किती मेली. इतकं बोलताना मी त्यांना मे नंतर ऐकलंच नव्हतं, फोनवर तर हां हूं चालू होतं.

शेवटच्या तीन पिशव्या बाजूला ठेवलेल्या होत्या, कोपऱ्यात, पागोळीखाली. म्हटलं ह्या कसल्या, रायवळ? काका पट्टी दाताने तोडत होते. म्हणाले, "त्येच ते."

मला कळलं नाही आधी. मग कळलं. तीन बश्या, तीन आंबे, तीन कोयी. त्या दिवशी सगळे झोपल्यावर उकिरड्यावरून उचलून आणल्या असणार, किंवा काकीने ठेवल्या असतील, विचारायची हिंमत झाली नाही. रुजवल्या होत्या, पाणी घातलं होतं, पानं अगदी बरोबर तांबूस.

त्यांनी विहिरीकडच्या कलमाची काडी घेतली. मला हात लावू दिला नाही, तिन्ही स्वतः बांधली. पट्टी गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "खालती कायव आसांदे. काडी आपली आसा." आणि उठून हात धुवायला गेले.

गणपतीत बाबू आला तेव्हा बोलले त्याच्याशी. आंब्याचं कोणीच काही बोललं नाही, ते पण नाही आणि बाबू पण नाही, बाबूला मी पिशव्यांचं सांगितलेलं नाही. दोन जगल्यात, एक मेली. जगलेल्यातली एक निघताना गाडीत ठेवायला दिली मला, पुण्याच्या बाल्कनीत आहे, ऊन कमी पडतंय बहुतेक, बघू.

खाडीपलीकडचा

पाणी जास्त घालू नका. रोज बघत बसू नका.

घाटावरचा

फोटो टाका ना पिशवीचा.

तिरफळ

पण मगे आंबो लागल्यावर जीआय कोणाचो लावतलास? कोय कर्नाटक, काडी देवगड, बाल्कनी पुण्याची.

रत्नांग्री एक्सप्रेस

रत्नागिरीचा नाही, एवढं लिहून ठेवा.